प्रत आणि पत्ता

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८४ साली आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक कॅसेट तयार केली होती. ती कुठल्या कंपनीने काढली नव्हती आणि काढलीही नसती. चौघांपैकी एक जण चाली बांधायचा, दुसरा पेटी वाजवायचा, तिसऱ्याचा आवाज बरा होता आणि चौथा, म्हणजे मी, रेकॉर्डिंग सुरू असताना पंखा बंद करायच्या कामावर होतो. आमच्या कलिन्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत, मे महिन्यात, घामाघूम होऊन आम्ही सात गाणी टू-इन-वनवर उतरवली. मग एका ओळखीच्याकडे दोन खणांचा कॅसेट डेक होता, त्याच्यावर बसून दहा-बारा प्रती काढल्या आणि ज्याला हव्या त्याला दिल्या. काहींना नको होत्या, त्यांनाही दिल्या. एक प्रत वडिलांची बदली झालेल्या एका मित्राबरोबर नागपूरला गेली.

मूळ कॅसेट माझ्याकडे होती. मी ती फार जपली. कुणी वरून दुसरं काही टेप करू नये म्हणून मागची प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाकली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि आमच्या घरात कमरेच्या वर पाणी आलं. ट्रंकेत सगळ्यात खाली काय उरलं असेल ते सांगायला नको.

योगायोग असा की, आज मला ज्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे त्याची सुरुवातही सांताक्रूझलाच होते. हे सांताक्रूझ मात्र कॅलिफोर्नियातलं, समुद्रकाठचं, विद्यापीठाचं गाव. तिथे १९९३ साली जेफ पॅटरसन आणि रॉब लॉर्ड हे दोन विद्यार्थी शिकत होते. पॅटरसनचा मित्रांबरोबरचा एक वाद्यवृंद होता, 'द अग्ली मग्ज' नावाचा. 'कुरूप थोबाडं' असा त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही. या मंडळींनाही कुठली कंपनी विचारत नव्हती. इंग्रजीत अशा संगीताला 'इंडी' म्हणतात, इंडिपेंडंटचं लघुरूप. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवात स्वतः बांधलेली गाणी म्हणणारा मुलगाही त्या अर्थाने इंडीच.

आता १९९३ साली इंटरनेटवर गाणं चढवणं म्हणजे काय होतं, हे आज मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही. सीडीवर एका सेकंदाचा आवाज ४४,१०० वेळा मोजून लिहिलेला असतो, तोही डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळा. एका मिनिटाच्या संगीताला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. त्या वेळची फ्लॉपी १.४४ मेगाबाइटची. म्हणजे तीन मिनिटांचं एक गाणं न्यायचं तर वीसेक फ्लॉप्यांची चळत. आणि टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचं, तर त्या काळच्या चांगल्या मोडेमलाही चार-पाच तास.

यावर तोड काढली होती जर्मनीतल्या लोकांनी. एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होते. माणसाच्या कानाला ऐकू येतच नाही ते कशाला लिहून ठेवायचं? ढोल वाजत असताना शेजारी कुणी कुजबुजलं तर ते ऐकू येत नाही. मग ती कुजबुज गाळून टाकायची. अशा रीतीने आवाज दहा-बारा पटींनी आक्रसता येतो आणि कानाला फारसा फरक कळत नाही. फरक कळतो का हे तपासण्यासाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं साथीविना गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. एकट्या माणसाच्या आवाजात खोट लगेच पकडली जाते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरूने त्यांना फुकटात सांगितलं असतं. या पद्धतीच्या फाईलला 'एमपी३' हे शेपूट १९९५ साली मिळालं. सांताक्रूझच्या पोरांनी सुरुवातीला वापरली ती तिची थोरली बहीण, एमपी२.

गाणं आक्रसून त्यांनी ते युजनेटवर टाकलं. युजनेट म्हणजे जगभरच्या विद्यापीठांतल्या संगणकांनी चालवलेला एक प्रकारचा सूचनाफलक. त्याची एक खुबी होती, ती लक्षात ठेवा, कारण पुढे मला तिच्याकडे परत यायचं आहे. हा फलक एका जागी टांगलेला नव्हता. एका संगणकावर काही लावलं की तो शेजारच्याला प्रत द्यायचा, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. त्यामुळे थोड्या दिवसांत 'कुरूप थोबाडां'चं गाणं अशा देशांत पोहोचलं, जिथे जाण्याचं तिकीट त्यांना परवडलं नसतं. परक्या देशांतून पत्रं येऊ लागली. गावातल्या बारमध्ये चाळीस माणसं जमली तर खूश होणारी ही पोरं चक्रावली.

मग त्यांनी इतरांचीही गाणी घ्यायला सुरुवात केली. 'इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह', संक्षेपाने 'आययूएमए', या नावाचं संकेतस्थळ उभं राहिलं. प्रत्येक वाद्यवृंदाला एक पान. त्यावर नाव, फोटो, चार ओळी माहिती आणि गाणं. श्रोत्याने यायचं, चाळायचं, आवडलं तर गाणं आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचं. अर्धा तास लागायचा, मध्येच घरात कुणी फोन उचलला तर पुन्हा पहिल्यापासून. तरी लोक घ्यायचे. मित्राला सांगायचे, 'हे ऐक'. रेडिओवर कधी न लागलेली, दुकानात कधी न मिळालेली गाणी एकमेकांना दाखवण्याची ही इंटरनेटवरची पहिली मोठी जागा.

पुढे तिचं जे झालं ते अशा जागांचं सहसा होतं. १९९९ साली इम्यूझिक नावाच्या कंपनीने ती विकत घेतली. शेअर बाजारात तेव्हा इंटरनेटच्या नावाने काहीही विकलं जात होतं. २००० साली आययूएमएने जाहीर केलं की, जे आईबाप आपल्या नवजात बाळाचं नाव 'आययूमा' ठेवतील त्यांना पाच हजार डॉलर देऊ. काही आईबापांनी खरोखर ठेवलं! ती मुलं आज पंचविशीत असतील. आपलं नाव एका बंद पडलेल्या संकेतस्थळावरून आलं हे ती लोकांना कसं समजावून सांगतात, हे ऐकायला मला आवडेल. फुगा फुटला, २००१ साली माणसं कमी झाली, जागा पुन्हा विकली गेली आणि २००६ साली आययूएमए बंद पडलं.

याच सुमारास दुसरी एक मोठी पेढी होती, एमपी३ डॉट कॉम. मायकेल रॉबर्टसन यांची. तिथे कुणीही हौशी माणूस आपलं गाणं ठेवू शकत असे आणि लाखो गाणी तिथे जमा झाली होती. जुलै १९९९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पैशांचा पाऊस पडला. मग रॉबर्टसन यांना वेगळीच कल्पना सुचली. तुमच्याकडे एखाद्या मोठ्या गायकाची विकत घेतलेली सीडी असेल तर ती संगणकात घालून दाखवा आणि मग तीच गाणी आमच्याकडच्या प्रतीवरून कुठूनही ऐका. त्यासाठी कंपनीने हजारो सीडींच्या प्रती परवानगीवाचून करून ठेवल्या. बड्या कंपन्या कोर्टात गेल्या. २००० साली निकाल विरुद्ध लागला, भरपाईचे आकडे कोट्यवधी डॉलरांत गेले आणि २००१ साली पेढी विव्हेंडी युनिव्हर्सलने विकत घेतली. २००३ च्या अखेरीस नुसतं नाव तेवढं सीनेट कंपनीला विकलं गेलं. गाणी त्या सौद्यात नव्हती. डिसेंबर २००३ मध्ये ती पुसली गेली. भांडण बड्या गायकांच्या सीडींचं होतं आणि गेली ती ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता अशा हौशी लोकांची गाणी.

मधल्या काळातल्या नॅपस्टरबद्दल इतकं लिहिलं-बोललं गेलं आहे की मी ते थोडक्यात उरकतो. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने ते सुरू केलं. त्यात गाणी कंपनीकडे नसत, लोकांच्याच संगणकांवर असत. कुणाकडे काय आहे याची यादी तेवढी मध्ये. ती यादी न्यायालयाच्या आदेशांपुढे टिकली नाही आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर थांबलं. ज्यांची गाणी विकून पोट भरत होतं त्यांचं नुकसान झालं हे खरंच आहे. ते नाकारून 'कला सर्वांची' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

परंतु ज्यांना कुणी ओळखतच नव्हतं त्यांचं काय? इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज' या पोरांनी आपल्या गाण्यांच्या सीडी घरी तयार करून कार्यक्रमांना येणाऱ्यांना फुकट वाटल्या होत्या. श्रोत्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या, एकमेकांना दिल्या. मायस्पेस या संकेतस्थळावर त्यांचं पानही चाहत्यांनीच उघडलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं आणि जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. लोकांकडे ती गाणी आधीच फुकट होती आणि तरी ते रांगा लावून विकत घेत होते. यातून कंपन्यांनी काय धडा घेतला ते मला माहीत नाही, पण वर्तमानपत्रांनी 'मायस्पेसने घडवलेले तारे' असा मथळा घेतला. घडवलं होतं ते सीडी वाटणाऱ्या पोरांनी आणि ती पुढे देणाऱ्या श्रोत्यांनी.

इथे एक बदल झाला होता आणि तो गाजावाजा न होता झाला. आययूएमएवरून किंवा युजनेटवरून आवडलेलं गाणं तुम्ही मित्राला द्यायचात, तेव्हा त्याच्याकडे त्या गाण्याची प्रत जायची. मायस्पेसच्या पानावर गाणं तिथल्या तिथे वाजायचं. मित्राला तुम्ही पाठवायचात तो पानाचा पत्ता. एप्रिल २००५ मध्ये यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, तिथेही तेच. प्रत द्यायची गरजच उरली नाही. कशाला उरावी? अर्धा तास वाट पाहायला नको, डिस्क भरायला नको, टिचकी मारली की गाणं सुरू. गाणाऱ्यालाही बरं, कारण किती जणांनी ऐकलं ते त्याला दिसतं आणि नको वाटलं तर काढून घेता येतं. मीही असे शेकडो पत्ते लोकांना पाठवले आहेत. फक्त गाणं आता एकाच ट्रंकेत होतं आणि ती ट्रंक आपल्या घरात नव्हती.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत, आणि बहुतेकांच्या घरात ते यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे प्रतींचा तो काळ आपण इंटरनेटवर फारसा पाहिलाच नाही. आपला प्रतींचा काळ कॅसेटचा होता आणि त्याआधी तव्यांचा. १९०२ पासून आपल्याकडे ध्वनिमुद्रिका निघत आल्या. त्यांतलं कितीतरी संगीत आज ऐकायला मिळतं ते चोरबाजारात उन्हात बसून तवे निवडणाऱ्या आणि घरच्यांची बोलणी खाणाऱ्या संग्राहकांमुळे. १९९० साली मुंबईत अशा मंडळींनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्थाच काढली. आणखी मागे जायचं तर इंद्रायणीच्या डोहापर्यंत जावं लागेल. तुकोबांच्या वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या ही श्रद्धा आहे, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण अभंग तोवर गावोगाव लोकांच्या तोंडी झाले होते आणि चाकणच्या संताजी जगनाडे यांनी ते लिहून घेतले होते, हेही आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की, सामान एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवताना २०१६ च्या आधी लोकांनी चढवलेलं जवळपास सगळं गेलं. फोटो, व्हिडिओ, गाणी. सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांची ५ कोटी गाणी, असा अंदाज तेव्हा छापून आला. त्यात जगप्रसिद्ध झालेल्यांची गाणी इतरत्र होतीच. गेली ती शेफील्डच्या त्या पोरांसारखी असूनही ज्यांचं नशीब उघडलं नाही त्यांची. कित्येकांनी घरची प्रत ठेवलीच नव्हती. ठेवायची कशाला, मायस्पेसवर आहे की!

आपल्याकडे असाच एक धक्का जून २०२० मध्ये बसला. सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती आणि तो वेगळा विषय आहे. पण खेड्यापाड्यांत शेताच्या बांधावर उभं राहून नाच, नकला, विनोद करणारी, स्वतः रचलेली गाणी म्हणणारी जी मुलं-मुली, काकू, आजोबा तिथे होते, त्यांचे पत्ते एका संध्याकाळीत बंद झाले. ज्यांनी व्हिडिओ फोनमध्ये ठेवले होते त्यांचे राहिले. बाकीच्यांचे व्हॉट्सॲपवर तेवढे फिरत राहिले, बहुधा करणाऱ्याच्या नावाशिवाय. प्रतीचा हा जुना रोग आहे. ती टिकते, पण हातोहात फिरताना तिच्यावरची चिठ्ठी गळून पडते.

बुडालेल्यातलं थोडं वर आलं, त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ साली ब्रूस्टर काल यांनी 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाचं, कुणालाही फुकट वापरता येईल असं ग्रंथालय सुरू केलं. आययूएमए बंद पडण्याआधी जॉन गिलमोर नावाच्या संगणकतज्ज्ञाने तिथल्या गाण्यांची नक्कल काढून ठेवली होती. जुन्या संकेतस्थळांच्या मागे भंगारवाल्यासारखा फिरणारा जेसन स्कॉट हा माणूस आणि स्वतः जेफ पॅटरसन यांच्या खटपटीने २०१२ साली ती गाणी आर्काइव्हवर आली. सहा लाखांहून अधिक! गायक आज कुठे आहेत, कुणाला ठाऊक? कुणी विमा विकत असेल, कुणी शाळेत गणित शिकवत असेल.

मायस्पेसच्या बाबतीत असं कुणी नव्हतं, असंच आधी वाटलं. पण महिनाभराने, एप्रिल २०१९ मध्ये, एका विद्यापीठीय गटाने आपली नावं न सांगता एक संग्रह आर्काइव्हकडे दिला. संगीताच्या जाळ्यांचा अभ्यास करायचा म्हणून या मंडळींनी २००८ ते २०१० दरम्यान मायस्पेसवरची ४ लाख ९० हजार गाणी उतरवून घेतली होती. अभ्यास झाला असेल, नसेल. गाणी डिस्कवर पडून राहिली होती. पाच कोटींतली पाच लाख म्हणजे शंभरातलं एक. कुठलं एक वाचलं याला काही नियम नाही. उत्तम होतं म्हणून वाचलं असं नाही. कुणीतरी उचललं म्हणून वाचलं.

आमच्या कॅसेटचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. पुरानंतर काही वर्षांनी नागपूरच्या त्या मित्राचा फोन आला. घराचा रंग काढताना माळ्यावर खोक्यात आमची कॅसेट सापडली म्हणाला. फीत चिकटली होती. त्याच्या मुलाने ती पेन्सिल घालून हळूहळू मोकळी केली, कुठूनतरी चालू टेपरेकॉर्डर मिळवला आणि गाणी संगणकात उतरवून मला पाठवली. सातपैकी साडेपाच ऐकू येतात. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध पंखा सुरू होतो. ती माझी चूक असणार.

वेष्टनावर बॉलपेनने 'मित्रांची गाणी' एवढंच लिहिलेलं आहे. कुणाचीही नावं नाहीत. पाचव्या गाण्यात धृपदाला मागून एका मुलीचा आवाज येतो, सुरात, अगदी सहज लावलेला. आम्हा चौघांपैकी आता तिघे आहोत. तिघांनीही ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. त्या दुपारी खोलीत कोण आली होती ते एकालाही आठवत नाही.